काविळीचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ होण्याची वाट बघू नका : हिपॅटायटिस ए ची रक्ततपासणी समजून घेऊ



आजचा विषय थेट कुठल्या धड्यातला नाही. पण पावसाळा सुरू झाला की प्रत्येक शाळेत एकदा तरी तो येतोच. आणि या विषयात मी स्वतः एक चूक केलेली आहे, म्हणून आधी तीच सांगते.

माझ्या वर्गातल्या सातवीच्या एका मुलीला ऑगस्टमध्ये कावीळ झाली. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्टवर ‘आयजीएम अँटी-एचएव्ही : रिअ‍ॅक्टिव्ह’ असं आलं, म्हणजे हिपॅटायटिस ए. तीन आठवड्यांत मुलगी खडखडीत बरी झाली. जेवायला लागली, अंगणात खेळायला लागली. तिच्या आईने फोन केला, “बाई, सोमवारपासून पाठवू का?” मी अगदी जबाबदारीने उत्तर दिलं, “ताई, वर्गात चाळीस मुलं आहेत. एकदा रिपोर्ट निगेटिव्ह आला की लगेच पाठवा.”

त्या माउलीने सप्टेंबरमध्ये पुन्हा तपासणी केली. रिअ‍ॅक्टिव्ह. ऑक्टोबरमध्ये पुन्हा केली. तरी रिअ‍ॅक्टिव्हच. मजुरीवर चालणाऱ्या घराचे दोनदा पैसे गेले आणि मुलीची प्रथम सत्राची परीक्षा बुडाली. शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तिला विचारलं, “निगेटिव्ह रिपोर्ट आणायला सांगितलं कोणी?” सांगितलं होतं मी.

ही तपासणी नेमकं काय सांगते आणि काय सांगत नाही, हे मला माहीत नव्हतं. ते तुमच्यापर्यंत पोहोचावं म्हणून हा लेख.

कावीळ म्हणजे एकच आजार नव्हे

आपण ‘कावीळ’ हा शब्द आजाराचं नाव असल्यासारखा वापरतो. खरं तर ते लक्षण आहे, ताप हे जसं लक्षण आहे तसं. रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडतात तेव्हा बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकतं. यकृताला सूज आली की हे काम अडतं, बिलिरुबिन रक्तात साठतं आणि डोळे, त्वचा, लघवी पिवळी दिसते.

कावीळ होण्याची कारणं मात्र अनेक आहेत. हिपॅटायटिसचे ए, बी, सी, डी, ई असे विषाणू आहेत. लेप्टोस्पायरोसिस आहे, मलेरिया आहे, काही औषधांचा दुष्परिणाम आहे, पित्ताचा खडा आहे. डोळे बघून यातलं कुठलं कारण ते कळत नाही. त्यासाठीच रक्त तपासावं लागतं.

यातला हिपॅटायटिस ए हा शाळकरी मुलांमध्ये नेहमी आढळणारा प्रकार. त्याचा विषाणू रुग्णाच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि दूषित पाणी, अन्न किंवा न धुतलेल्या हातांवाटे दुसऱ्याच्या तोंडात जातो. तो बी किंवा सी सारखा शरीरात कायमचा ठाण मांडून बसत नाही. बहुतेक मुलं आपोआप पूर्ण बरी होतात. सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांमध्ये तर कावीळ दिसतच नाही, संसर्ग येऊन गेल्याचा पत्ताही लागत नाही. मोठ्यांना मात्र आजार जास्त जोरात होतो.

तपासणी विषाणू शोधत नाही, त्याच्या खुणा शोधते

मला वाटायचं, रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणजे रक्तात विषाणू सापडला. तसं नाही. नेहमीची तपासणी विषाणू शोधतच नाही. विषाणू आल्यावर आपल्या शरीराने त्याच्याविरुद्ध जी प्रतिपिंडं तयार केली, ती शोधते.

ही प्रतिपिंडं दोन प्रकारची समजून घेऊ.

*आयजीएम* : नवा शत्रू आला की शरीर ही आधी तयार करतं. यांचा रेणू मोठा असतो. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे पाच तुकडे एकत्र जोडलेले असावेत तसा. लक्षणं दिसू लागतात त्या सुमारास ही रक्तात सापडतात आणि साधारण तीन ते सहा महिने टिकतात. काहींमध्ये त्याहूनही जास्त.

*आयजीजी* : ही थोडी मागून येतात, पण आली की आयुष्यभर राहतात. यांच्यामुळेच हिपॅटायटिस ए एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर आयजीएम म्हणजे या सत्राचा हजेरीपट आणि आयजीजी म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. जनरल रजिस्टरमध्ये नाव आहे म्हणजे तो विद्यार्थी कधीतरी या शाळेत होता, तीस वर्षांपूर्वीही असेल. हजेरीपटावर नाव आहे म्हणजे तो याच सत्रात आला. पण हजेरीपटावर नाव आहे म्हणून तो विद्यार्थी या क्षणी वर्गात बसलेला आहे असं सांगता येतं का? नाही. तो कदाचित दाखला घेऊन गेलाही असेल, पट मात्र सत्र संपेपर्यंत तसाच राहतो.

आयजीएम तपासणीचं नेमकं असंच आहे. संसर्ग अलीकडे झाला एवढं ती सांगते. मूल आज आजारी आहे का, आज त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होईल का, हे ती सांगत नाही.

तारखांचं गणित

हे एका उदाहरणाने मांडू. समजा एका मुलाच्या पोटात १ जुलैला दूषित पाणी गेलं.

- संसर्गापासून लक्षणं दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस लागतात, सरासरी २८. म्हणजे २९ जुलैच्या सुमारास ताप, उलट्या, अन्नावरची वासना जाणे, दमणूक.
- २ ऑगस्टच्या सुमारास डोळे पिवळे. आई-वडील डॉक्टरांकडे नेतात.
- ३ ऑगस्टला रक्त घेतलं. आयजीएम रिअ‍ॅक्टिव्ह.
- पण विष्ठेतून विषाणू बाहेर पडणं जुलैच्या मध्यापासूनच सुरू झालेलं असतं. लक्षणं दिसण्याआधीच्या एक-दोन आठवड्यांत ते सर्वांत जास्त असतं. तेव्हा मूल शाळेत येत होतं, डबा वाटून खात होतं.
- डोळे पिवळे झाल्यावर साधारण एका आठवड्याने, म्हणजे ९ ऑगस्टच्या पुढे, त्याच्यापासून लागण होण्याचा धोका फार कमी होतो.
- आयजीएम मात्र ऑक्टोबर अखेर ते जानेवारी अखेरपर्यंत रिअ‍ॅक्टिव्ह येऊ शकते.

आता ९ ऑगस्ट ते जानेवारी हा काळ बघा. मूल बरं आहे, त्याच्यापासून धोका नाही, आणि रिपोर्ट तरीही ‘पॉझिटिव्ह’. या काळात निगेटिव्ह रिपोर्ट मागणं म्हणजे त्या मुलाला विनाकारण घरी बसवणं. मी तेच केलं होतं.

प्रयोगशाळेत नेमकं काय होतं?

विज्ञान शिक्षकांना हा भाग वर्गात सांगता येईल. मुलांना खूप आवडतो.

हाताच्या शिरेतून काही मिलिलिटर रक्त घेतात. या तपासणीसाठी उपाशी राहावं लागत नाही. रक्त गोठू देतात, मग सेंट्रिफ्यूज यंत्रात नळी गरगर फिरवतात. गोठलेला भाग खाली बसतो, वर फिकट पिवळं पाणी राहतं. त्याला सिरम म्हणतात. प्रतिपिंडं त्यात असतात.

पुढची एक नेहमीची पद्धत म्हणजे एलायझा. इडलीपात्रासारखी, पण अगदी छोट्या ९६ खळग्यांची प्लास्टिकची पट्टी असते. बारा उभ्या ओळी, आठ आडव्या. त्यात काम टप्प्याटप्प्याने होतं.

१. खळग्याच्या तळाला असा पदार्थ चिकटवलेला असतो जो फक्त आयजीएमला पकडतो. रुग्णाचं सिरम टाकलं की त्यातली आयजीएम, मग ती कुठल्याही आजाराची असो, तळाला चिकटते. बाकीचं धुऊन टाकतात.

२. मग हिपॅटायटिस ए विषाणूचे निष्क्रिय भाग, म्हणजे प्रतिजन, टाकतात. पकडलेल्या आयजीएममध्ये या विषाणूविरुद्धची आयजीएम असेल तरच ते चिकटून राहतात. नसेल तर पुढच्या धुण्यात वाहून जातात.

३. त्यानंतर विकर जोडलेलं प्रतिपिंड टाकतात. विषाणूचा भाग चिकटलेला असेल तरच हे त्याच्यावर बसतं. पुन्हा धुतात.

४. शेवटी रंगद्रव्य टाकतात. विकर शिल्लक असेल तर निळा रंग येतो. आम्ल टाकून क्रिया थांबवली की तो पिवळा होतो. रंग किती गडद आहे ते यंत्र मोजतं.

रंग ठरावीक मर्यादेच्या वर गेला तर ‘रिअ‍ॅक्टिव्ह’, खाली राहिला तर ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’. सोबत दोन खळग्यांत आधीच माहीत असलेले नमुने ठेवतात, एक नक्की पॉझिटिव्ह, एक नक्की निगेटिव्ह. त्यांचे निकाल चुकले तर सगळी पट्टी बाद. प्रयोगात नियंत्रण का ठेवायचं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

मोठ्या प्रयोगशाळांत आता क्लिया नावाची यंत्रं असतात. तत्त्व जवळपास तेच, फक्त रंगाऐवजी प्रकाश मोजतात. झटपट निकाल देणारं रॅपिड कार्डही मिळतं.

रिपोर्ट वाचायला शिकूया

आता थोडा स्वाध्याय. आधी स्वतः विचार करा, मग उत्तर वाचा.

*रिपोर्ट पहिला* : मुलाचे डोळे पिवळे, उलट्या, एसजीपीटी खूप वाढलेलं. आयजीएम रिअ‍ॅक्टिव्ह.
उत्तर : अलीकडचा हिपॅटायटिस ए. लक्षणं आणि रिपोर्ट यांचा मेळ बसतो.

*रिपोर्ट दुसरा* : याच मुलाचे वडील. काही त्रास नाही, भीतीपोटी तपासणी केली. ‘अँटी-एचएव्ही टोटल : रिअ‍ॅक्टिव्ह’, आयजीएम नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह.
उत्तर : वडिलांना कावीळ झालेली नाही. ‘टोटल’ म्हणजे दोन्ही प्रतिपिंडं एकत्र मोजली. त्यांना लहानपणी कधीतरी संसर्ग होऊन गेला असेल किंवा लस घेतली असेल. ही चांगली बातमी आहे, त्यांना संरक्षण आहे. म्हणून रिपोर्टवर ‘टोटल’ लिहिलंय की ‘आयजीएम’, हे सगळ्यात आधी बघायचं.

*रिपोर्ट तिसरा* : तापाचा दुसरा दिवस, डोळे अजून पांढरे. आयजीएम नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह.
उत्तर : तपासणी लवकर झालेली असू शकते. शंका कायम असेल तर डॉक्टर काही दिवसांनी पुन्हा करायला सांगतात. शिवाय हिपॅटायटिस ई, लेप्टो, मलेरिया, डेंग्यू यांचाही विचार करतात.

*रिपोर्ट चौथा* : कावीळ होऊन तीन महिने झाले. मूल कबड्डी खेळतंय. आयजीएम रिअ‍ॅक्टिव्ह.
उत्तर : हजेरीपटावरचं जुनं नाव. मूल बरं आहे. ही तपासणी करायचीच नव्हती.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. आजार किती गंभीर आहे तेही आयजीएम सांगत नाही. त्यासाठी बिलिरुबिन, एसजीपीटी आणि विशेषतः रक्त गोठायला लागणारा वेळ, म्हणजे पीटी-आयएनआर, बघतात. यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं बनवतं. ते काम अडलं की पीटी-आयएनआर वाढतो. मूल सुस्तावलं, असंबद्ध बोलायला लागलं, उलट्या थांबेनात, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर रिपोर्टची वाट न बघता ताबडतोब रुग्णालय गाठायचं. असं क्वचितच होतं, पण तेव्हा तासांना किंमत असते.

दिल्लीची गोष्ट : आयजीएमने उलटवलेला निकाल

‘नवं’ आणि ‘जुनं’ वेगळं करण्याने किती फरक पडतो, याचं मोठं उदाहरण आपल्याच देशात आहे. १९५५-५६ साली दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. यमुनेत नजफगड नाल्याचं सांडपाणी शहराच्या पाणीपुरवठ्यापर्यंत पोहोचलं होतं. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पाण्यातून आलेली कावीळ, म्हणजे आज ज्याला आपण हिपॅटायटिस ए म्हणतो तोच आजार, असं तेव्हा सगळ्यांनी धरलं. तपासून बघायची सोयच नव्हती.

१९७३ साली अमेरिकेत फाइनस्टोन, कपिकियन आणि पर्सेल या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हिपॅटायटिस ए चा विषाणू पहिल्यांदा पाहिला. त्यानंतर काही वर्षांत आयजीएमची तपासणी तयार झाली. मग दिल्लीच्या साथीतले जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुन्हा तपासले गेले आणि १९८० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्या रक्तात हिपॅटायटिस ए च्या अलीकडच्या संसर्गाची खूण नव्हती. म्हणजे साथ दुसऱ्याच विषाणूची होती! १९७८ च्या काश्मीरमधल्या साथीच्या अभ्यासातून डॉ. खुरू यांनीही हेच दाखवलं. हा नवा विषाणू म्हणजे आजचा हिपॅटायटिस ई.

फरक नुसता नावाचा नाही. हिपॅटायटिस ई गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकतो. म्हणून काविळीत ए आणि ई या दोन्हींची आयजीएम तपासण्याला अर्थ आहे. घरात किंवा शिक्षकवर्गात कोणी गरोदर असेल तर कावीळ अंगावर काढायची नाही.

वर्गातल्या सगळ्यांची तपासणी करावी का?

एका मुलाला कावीळ झाली की पालकांच्या ग्रुपवर लगेच मागणी येते, “सगळ्यांची टेस्ट करा.” हेतू चांगला असतो. पण गणित करून बघू. हे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत.

समजा १००० ठणठणीत मुलांची आयजीएम तपासणी केली. त्यातल्या २ मुलांना खरोखर अलीकडे संसर्ग झालाय आणि ते दोघेही तपासणीत सापडले. उरलेल्या ९९८ मुलांमध्ये तपासणी शंभरात एकदाच चुकते असं धरू. तरी जवळपास १० निरोगी मुलं रिअ‍ॅक्टिव्ह दिसतील. एकूण १२ रिपोर्ट रिअ‍ॅक्टिव्ह, त्यातले १० चुकीचे!

तपासणी खराब नाही. ती चुकीच्या ठिकाणी वापरली. लक्षणं असलेल्या मुलांमध्ये हीच तपासणी उत्तम काम करते. इतर काही आजारांमध्ये किंवा नुकतीच लस घेतलेली असतानाही आयजीएम रिअ‍ॅक्टिव्ह येऊ शकते. म्हणून नियम साधा : लक्षणं असतील त्याचीच तपासणी. (आठवी-नववीच्या शेकडेवारीसाठी हे उदाहरण जरूर वापरा.)

मग शाळेने करायचं काय?

- मुलाला परत घेताना निगेटिव्ह रिपोर्ट मागू नका. दोनच गोष्टी विचारा : डोळे पिवळे झाल्याला आठवडा उलटून गेला का? आणि डॉक्टरांनी शाळेत जायला हरकत नाही असं सांगितलंय का?
- लागण बहुधा रिपोर्ट येण्याआधीच होऊन गेलेली असते. त्यामुळे खरं काम पाण्याच्या टाकीपाशी आणि शौचालयापाशी आहे. टाकी धुणं, क्लोरीन तपासणं, गळकी पाइपलाइन बघणं, नळाजवळ साबण ठेवणं. नुसतं सॅनिटायझर या विषाणूपुढे कमी पडतं, साबण आणि पाणीच हवं. पाण्याची शंका असेल तर उकळूनच प्यायचं.
- एकाहून जास्त मुलं आजारी असतील तर आरोग्य केंद्राला लगेच कळवा. पुढचे ५० दिवस बाकी मुलांवर लक्ष ठेवा.
- लस उपलब्ध आहे. पहिल्या वाढदिवसानंतर देता येते, पण सरकारी मोफत लसीकरणात ती अजून नाही. रुग्णाशी जवळचा संबंध आलेल्यांना दोन आठवड्यांच्या आत दिली तर उपयोग होऊ शकतो. त्यासाठी डॉक्टरांना विचारा.
- काविळीची माळ, चुन्याच्या पाण्याने हात धुणं, झाडपाल्याचा रस यांनी ‘कावीळ उतरली’ असं लोक सांगतात. हिपॅटायटिस ए मुळात आपोआप बरा होतो, म्हणून श्रेय माळेला मिळतं. पण त्या नादात कारण तपासायचं राहतं आणि अनोळखी औषधाने सुजलेल्या यकृतावर आणखी भार पडतो. तापाच्या गोळ्याही मनाने देऊ नका.
- बरं झालेल्या मुलाचा बाक वेगळा करू नका, त्याचा डबा बाजूला ठेवू नका.

त्या मुलीबद्दल सांगायचं राहिलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती वर्गात आली. मुख्याध्यापकांशी बोलून तिची बुडालेली परीक्षा पुन्हा घेतली. तिच्या आईची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “असू द्या बाई, तुम्हाला तरी कुठं माहीत होतं.”

तेच तर झालं. आपल्याला माहीत नसलं की दंड मुलं भरतात. यंदा तुमच्या शाळेत असा फोन आला, तर रिपोर्ट निगेटिव्ह आला का हे विचारू नका. डोळे पिवळे झाल्याची तारीख विचारा.